शोक (मानसशास्त्र)

शोक म्हणजे जिव्हाळ्याच्या व्यक्तीच्या मृत्यूमुळे, अथवा तितक्याच महत्त्वाच्या अन्य वियोगामुळे, माणसाच्या मनात, शरीरात आणि व्यवहारात उमटणारी प्रतिक्रिया होय. शोक हा स्वतः आजार नाही. तो बहुतेक माणसांच्या वाट्याला केव्हा ना केव्हा येतो आणि बहुतेकांच्या बाबतीत विशेष उपचारांवाचून त्याची तीव्रता ओसरते. मात्र काही जणांमध्ये तो दीर्घकाळ तितकाच तीव्र राहतो व दैनंदिन जीवन अशक्य करून टाकतो. अशा अवस्थेला एकविसाव्या शतकात ‘प्रदीर्घ शोक विकार’ या नावाने वैद्यकीय मान्यता मिळाली आहे. शोकाचा अभ्यास मानसशास्त्र, मानसोपचारशास्त्र, समाजशास्त्र, मानवशास्त्र व काव्यशास्त्र या सर्व शाखांमध्ये होतो.

संज्ञा

‘शोक’ हा शब्द ‘शुच्’ या संस्कृत धातूपासून बनला आहे. या धातूला जळणे, तळपणे आणि दुःख करणे असे दोन्ही प्रकारचे अर्थ आहेत. मराठीत या अनुभवासाठी अनेक शब्द असून त्यांच्या छटा वेगळ्या आहेत. ‘दुःख’ हा सर्वांत व्यापक शब्द आहे. ‘विलाप’ व ‘आक्रोश’ हे शोकाच्या उघड अभिव्यक्तीचे शब्द आहेत. ‘दुखवटा’ हा शोकाचा सामाजिक काळ आहे, तर ‘सुतक’ अथवा ‘अशौच’ ही विधिनियमांनी ठरवलेली अवस्था आहे. एखाद्या घरात सुतक असते पण शोक नसतो, आणि एखाद्याला अपार शोक असतो पण सुतक लागत नाही. हा भेद पुढे ‘अमान्य शोक’ या विभागात महत्त्वाचा ठरतो.

भरताच्या नाट्यशास्त्रात शोक हा करुण रसाचा स्थायी भाव सांगितला आहे. तेथे करुण आणि विप्रलंभ शृंगार यांत केलेला भेद आधुनिक मानसशास्त्राच्या दृष्टीनेही लक्षणीय आहे. विप्रलंभात पुनर्भेटीची आशा शिल्लक असते. करुणात ती उरलेली नसते. दोन्हींत अश्रू, कृशता, अनिद्रा ही लक्षणे सारखीच दिसू शकतात, परंतु मनाचे काम वेगळे असते.

लक्षणे

तीव्र शोकात गेलेल्या व्यक्तीची ओढ हा केंद्रबिंदू असतो. ही ओढ लाटांसारखी येते. एखादा वास, गाण्याची ओळ, फाटकाचा आवाज किंवा नेहमीच्या वेळी रिकामी राहिलेली खुर्ची एवढेही ती उसळायला पुरते. घशात आवंढा येणे, छातीवर दडपण, श्वास अपुरा वाटणे, हातपाय गळून जाणे, भूक व झोप कमी होणे ही शारीरिक लक्षणे सामान्य आहेत. अविश्वास, बधिरता, राग, अपराधीपणा आणि कधीकधी सुटकेची भावना हेही शोकाचेच भाग होत. दीर्घ आजारपणानंतर आलेल्या मृत्यूत सुटकेची भावना विशेष आढळते. शुश्रूषा करणाऱ्याला तिची लाज वाटते व तो ती क्वचितच बोलून दाखवतो.

गेलेल्या व्यक्तीचा आवाज ऐकू आल्यासारखे वाटणे, गर्दीत ती दिसल्याचा भास होणे, तिच्यासाठी नकळत पान मांडले जाणे हे अनुभव निरोगी माणसांनाही येतात. ते वेड लागल्याचे लक्षण नाही. असे अनुभव सांगितल्यास आपल्याला वेडे ठरवतील किंवा ‘बाहेरचे’ काही मानतील या भीतीने अनेक जण ते लपवतात.

शोक आणि नैराश्य यांत साम्य असले तरी ते एक नव्हेत. शोकात वेदना प्रामुख्याने गेलेल्या व्यक्तीभोवती फिरते आणि मध्येमध्ये हसू, आठवणींचा आनंद, कामात गुंतणे शक्य असते. नैराश्यात उदासी सर्वव्यापी असते आणि स्वतः निरुपयोगी असल्याची भावना प्रबळ असते. दोन्ही एकत्रही येऊ शकतात.

शरीरावरील परिणाम

‘दुःखाने खचून गेला’ या बोलण्यामागे काही वैद्यकीय तथ्य आहे. कॉलिन मरे पार्क्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली ब्रिटनमधील ५५ वर्षांवरील ४,४८६ विधुरांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पत्नीच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत या पुरुषांचा मृत्युदर अपेक्षेपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी अधिक आढळला, आणि त्यातील मोठा भाग हृदयविकाराचा होता. १९९० साली जपानी डॉक्टरांनी तीव्र मानसिक धक्क्यानंतर हृदयाचा डावा कप्पा तात्पुरता फुगून निकामी होण्याच्या विकाराचे वर्णन केले. फुगलेल्या कप्प्याचा आकार ऑक्टोपस पकडण्याच्या जपानी मडक्यासारखा दिसत असल्याने त्याला ‘ताकोत्सुबो’ हे नाव पडले. हा विकार रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांमध्ये अधिक आढळतो व बहुतेक रुग्ण त्यातून बरे होतात.

सिद्धान्तांचा इतिहास

झिग्मुंड फ्रॉइड यांच्या १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात शोकाला मनाचे ‘काम’ मानले आहे. गेलेल्या व्यक्तीत गुंतलेली मानसिक ऊर्जा एकेका आठवणीपासून हळूहळू सोडवून घेणे व ती नव्या नात्यांसाठी मोकळी करणे, असे या कामाचे स्वरूप त्यांनी सांगितले. या विचाराचा प्रभाव पुढे अर्धशतकाहून अधिक काळ टिकला. स्वतः फ्रॉइड यांची कन्या सोफी १९२० साली मरण पावली. नऊ वर्षांनी, तिच्या जन्मदिनी, लुडविग बिन्स्वांगर या पुत्रवियोग झालेल्या मित्राला लिहिलेल्या पत्रात अशा व्यक्तीची जागा कशानेही भरून निघत नाही व तसेच असणे योग्य आहे, अशा आशयाची कबुली त्यांनी दिली. त्यांचा सिद्धान्त आणि त्यांचा अनुभव यांतील ही तफावत पुढील संशोधकांनी वारंवार नोंदवली आहे.

२८ नोव्हेंबर १९४२ रोजी बॉस्टन येथील ‘कोकोनट ग्रोव्ह’ या नाइट क्लबला लागलेल्या आगीत ४९२ माणसे मृत्युमुखी पडली. एरिक लिंडेमान या मानसोपचारतज्ज्ञाने या दुर्घटनेतील वाचलेले व मृतांचे नातेवाईक, तसेच अन्य शोकग्रस्त अशा एकूण १०१ व्यक्तींच्या निरीक्षणावर आधारित लेख १९४४ साली लिहिला. तीव्र शोकाचे लक्षणसमूह म्हणून केलेले हे पहिले पद्धतशीर वर्णन मानले जाते.

जॉन बोल्बी यांनी शोकाचा संबंध मूल व माता यांच्यातील बंधाशी जोडला. आई दिसेनाशी झाल्यावर मूल आधी आकांत करते, मग शोधते, मग निराश होते. प्रौढांचा शोक याच मूळ प्रतिक्रियेचा विस्तार आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. बोल्बी व पार्क्स यांनी बधिरता, ओढ व शोध, विस्कळीतपणा व निराशा, आणि पुनर्घडण असे चार टप्पे मांडले.

सर्वसामान्यांत सर्वाधिक परिचित असलेले नकार, राग, घासाघीस, नैराश्य व स्वीकार हे पाच टप्पे एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांच्या १९६९ सालच्या पुस्तकातून आले. मात्र ते पुस्तक मरणासन्न रुग्णांशी झालेल्या संभाषणांवर आधारलेले होते. मागे राहणाऱ्यांच्या शोकावर नव्हे. हे टप्पे नंतर शोकालाही लावले गेले आणि वृत्तपत्रे, चित्रपट व व्याख्यानांतून सर्वत्र पसरले. शोक ठरावीक क्रमाने पुढे सरकतो याला संशोधनात भक्कम आधार मिळालेला नाही. या समजुतीचा तोटा असा की, ‘राग’ न आलेला किंवा ‘स्वीकारा’पर्यंत न पोहोचलेला माणूस आपण शोकही नीट करू शकलो नाही असे मानू लागतो.

विल्यम वर्डन यांनी टप्प्यांऐवजी चार ‘कार्ये’ सुचवली: मृत्यूचे वास्तव मान्य करणे, वेदनेला सामोरे जाणे, त्या व्यक्तीविना असलेल्या जगाशी जुळवून घेणे आणि तिच्याशी असलेले नाते नव्या स्वरूपात सांभाळून पुढे जगणे. मार्गारेट श्ट्रोबे व हेंक शूट या नेदरलँड्समधील संशोधकांनी १९९९ साली ‘द्विप्रक्रिया प्रारूप’ मांडले. त्यांच्या मते शोकग्रस्त माणूस दोन दिशांमध्ये ये-जा करतो. कधी तो वियोगाकडे वळतो, रडतो, फोटो पाहतो. कधी तो त्याकडे पाठ करून वीजबिल, मुलांची फी, बँकेतील नामनिर्देशन अशा कामांकडे वळतो. ही ये-जा म्हणजे पळवाट नसून तीच निरोगी शोकाची चाल आहे. सतत एकाच बाजूला अडकून राहणे धोक्याचे असते.

डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन व स्टीव्हन निकमन यांनी १९९६ साली संपादित केलेल्या ग्रंथाने ‘अखंड बंध’ ही कल्पना रूढ केली. मृताशी नाते तोडणे हे शोकाचे उद्दिष्ट नाही, लोक ते नाते वेगळ्या रूपात चालू ठेवतात, असे त्यांनी दाखवले. पाश्चात्त्य मानसशास्त्रात ही कल्पना नवी ठरली तरी दरवर्षी पितृपंधरवड्यात आजोबांच्या आवडीची भाजी करणाऱ्या समाजाला ती अपरिचित म्हणता येणार नाही.

जॉर्ज बोनानो यांच्या अभ्यासांनी आणखी एक समज मोडला. जोडीदाराच्या मृत्यूनंतर मोठ्या संख्येने माणसे तुलनेने लवकर सावरतात, आणि त्यांचा शोक दडपलेला असतो व पुढे उफाळून येतो असे आढळत नाही. न रडणारी व्यक्ती निष्ठुर किंवा धोक्यात असते असे गृहीत धरणे त्यामुळे योग्य नाही.

महाराष्ट्रातील शोकाचार

महाराष्ट्रातील हिंदू समाजात मृत्यूनंतरच्या दिवसांची रचना जातिपरत्वे व प्रदेशपरत्वे बदलते, तरी तिचा सांगाडा बराचसा समान आहे. मृत्यूच्या दिवशी घरात चूल पेटवत नाहीत. शेजारी किंवा सोयरे जेवण आणतात, त्याला अनेक भागांत ‘कडू घास’ म्हणतात. अन्न साधे असते, बहुधा पिठले-भाकरी किंवा आमटी-भात, आणि ते आग्रहाने खायला लावले जाते. ज्याला भूक नाही अशा माणसाने काही खावे, आणि ते त्याला स्वतः शिजवावे लागू नये, ही दोन्ही कामे या रिवाजाने होतात. तिसऱ्या दिवशी रक्षा सावडणे, दहाव्या दिवशी दशक्रिया, त्यानंतर बारावा-तेरावा, पुढे मासिक श्राद्धे व वर्षश्राद्ध असा क्रम असतो. मधल्या काळात लोक ‘भेटायला’ येतात. दुखवट्याच्या दिवशी सोयरे कपडे आणतात आणि घराला पुन्हा व्यवहारात ओढून घेतात. वर्षभर घरात सण गोडाधोडाने साजरे होत नाहीत.

ग्रामीण भागात स्त्रिया हेल काढून रडतात. या रडण्यात शब्द असतात: मृताला हाक, त्याच्या गुणांचे वर्णन, त्याने अर्धवट सोडलेल्या कामांची यादी, मागे राहिलेल्यांची नावे, क्वचित मृतावरील व घरातील इतरांवरील तक्रारही. बाहेरून येणारी प्रत्येक पाहुणी आली की रडणे पुन्हा सुरू होते. शहरी मध्यमवर्गात हा प्रकार प्रदर्शन मानला जाऊन मागे पडला. परंतु एरवी सासरी ज्या गोष्टी उच्चारता येत नाहीत त्या उच्चारण्याची ही मान्य संधी होती, हे लक्षात घ्यावे लागते. जात्यावरच्या ओव्यांतही आईबापांच्या मृत्यूनंतर माहेर तुटल्याचे दुःख हा मोठा विषय आहे. हेमा राईरकर व गी पॉइतवँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यांतून अशा ओव्यांचा एक लाखाहून अधिक संख्येचा संग्रह झाला आहे.

काकस्पर्श

दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवणे हा या विधींतील सर्वांत ताणाचा क्षण असतो. कावळा शिवला तर मृताची इच्छा उरली नाही असे मानतात. तो शिवला नाही तर जमलेले नातेवाईक एकेक करून मृताला उद्देशून बोलू लागतात: धाकटीचे लग्न करून देऊ, आईला अंतर देणार नाही, भावाशी भांडण मिटवू. तरीही कावळा आला नाही तर शेवटी दर्भाचा कावळा करून शिववतात. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी या विधीचा सामाजिक परिणाम उल्लेखनीय आहे. मृत्यूने अर्धवट राहिलेले प्रश्न दहा दिवसांच्या आत, साक्षीदारांसमोर, मोठ्याने बोलावे लागतात. ही वचने नेहमीच पाळली जातात असे नाही. कधी तीच पुढे बेडी होतात. महेश मांजरेकर दिग्दर्शित ‘काकस्पर्श’ (२०१२) या चित्रपटाचे कथानक अशाच एका वचनावर उभे आहे.

अन्य समाज

नवबौद्ध समाजात तेरावा व पिंडदान न करता जलदान विधी व पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो. त्यात वंदना, मृताविषयी आदरांजलीची भाषणे व अनेकदा एखाद्या संस्थेस दान यांचा समावेश असतो. बौद्ध परंपरेतील किसा गोतमीची कथा शोकाच्या अभ्यासात वारंवार सांगितली जाते. मेलेल्या बाळासाठी औषध मागणाऱ्या या मातेला बुद्धांनी जेथे कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आणण्यास सांगितले. दारोदार फिरताना प्रत्येक घरातील मृत्यूची कहाणी तिला ऐकावी लागली.

लिंगायत परंपरेत सुतकाची कल्पनाच अमान्य केलेली आहे व मृताचे दफन करतात. मुस्लिम समाजात सर्वसाधारण शोक तीन दिवसांचा असून विधवेसाठी चार चांद्रमास व दहा दिवसांची इद्दत असते. चाळिसावा करण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. गोव्यातील व मुंबई-वसई भागातील कॅथलिक कुटुंबांत सातव्या दिवशी, महिन्याने व वर्षाने मिस्सा अर्पण होते आणि २ नोव्हेंबर हा सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस असतो. पारशी धर्मात अतिविलाप निषिद्ध मानला आहे. अश्रूंची नदी होऊन मृताच्या आत्म्याला ती ओलांडणे कठीण जाते, अशी कल्पना ‘अर्दा विराफ नामक’ या ग्रंथात आहे.

विधवांचा शोक

शोकाचार आधार देतात हे खरे असले तरी सर्वांना सारखा आधार देत नाहीत. महाराष्ट्रात पतीच्या मृत्यूनंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे व जोडवी काढणे ही कृत्ये अनेकदा इतर स्त्रियांकडून, जमावासमोर आणि मृत्यूनंतर काही तासांतच केली जात. म्हणजे ज्या क्षणी तिला सर्वाधिक आधार हवा त्या क्षणी तिची ओळख तिच्या अंगावरून काढून घेतली जाई. ब्राह्मण व काही अन्य जातींत केशवपन, एकभुक्त राहणे व मंगलकार्यातून कायमचे वगळणे यांची त्यात भर पडे. विधुरासाठी असे कोणतेही चिन्ह नव्हते. वर्षाच्या आत त्याचे दुसरे लग्न लावणे हीच रीत होती.

या प्रथांविरुद्धचा लढा एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे. १८५६ साली विधवा पुनर्विवाहास कायद्याने मान्यता मिळाली. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह चालवले. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. त्याच वर्षी नोव्हेंबरात जोतीरावांच्या अंत्ययात्रेत सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले. पत्नीने अंत्यविधीत असा पुढाकार घेणे त्या काळी अभूतपूर्व होते. पंडिता रमाबाई यांनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन स्थापन केले. त्यांनी स्वतः दुष्काळात आईवडील व बहीण, नंतर भाऊ आणि १८८२ साली पती गमावले होते. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली शारदा सदनातील गोदूबाई या विधवेशी विवाह केला व १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कोविड काळात अनेक तरुण स्त्रिया विधवा झाल्याची पार्श्वभूमी त्याला होती. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही या ठरावाचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. ठरावाची अंमलबजावणी अखेर अंत्यविधीच्या वेळी घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया काय करतात यावर अवलंबून राहते.

अमान्य शोक

ज्या शोकाला समाज मान्यता देत नाही त्याला अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ साली ‘अमान्य शोक’ अशा अर्थाची संज्ञा दिली. गर्भपात किंवा मृत बाळाचा जन्म, घटस्फोटित जोडीदाराचा मृत्यू, समलिंगी सहचराचा मृत्यू, जाहीर न केलेले प्रेमसंबंध, मित्राचा किंवा पाळीव प्राण्याचा मृत्यू ही याची उदाहरणे होत. येथे रडण्यासाठी रजा मिळत नाही, भेटायला कोणी येत नाही, कडू घास येत नाही. मृत जन्मलेल्या बाळाला अनेक कुटुंबांत नाव ठेवत नाहीत, आईला त्याचे तोंडही दाखवत नाहीत आणि ‘दुसरे होईल’ असे सांगतात. हेतू तिला जपण्याचा असतो. परिणामी तिच्याकडे शोक करण्यासाठी एक आठवणही उरत नाही.

आत्महत्येनंतरचा शोक याच सीमेवर असतो. त्यात वियोगाबरोबर लाज, ‘माझ्या लक्षात कसे आले नाही’ हा प्रश्न आणि पोलीस चौकशी येते. महाराष्ट्रात शेतकरी आत्महत्येनंतर कुटुंबाला शासकीय मदत मिळण्यासाठी प्रकरण ‘पात्र’ ठरावे लागते. जमीन कोणाच्या नावावर होती, कर्ज कोणते, थकबाकी किती याची कागदपत्रे जुळवण्याचे काम बहुधा पत्नीवरच पडते. जेथे प्रकरण ‘अपात्र’ ठरते तेथे मदतीबरोबरच मृत्यूचे कारणही नाकारले गेल्यासारखे कुटुंबाला वाटते.

संदिग्ध वियोग

व्यक्ती जिवंत आहे की नाही हेच ठाऊक नसते तेव्हा होणाऱ्या यातनेला पॉलिन बॉस यांनी ‘संदिग्ध वियोग’ म्हटले. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांपासून त्यांचा अभ्यास सुरू झाला. नाट्यशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर हे कुटुंब करुण आणि विप्रलंभ यांच्या मध्ये अडकलेले असते. समुद्रातून न परतलेला खलाशी, पुरात वाहून गेलेला व देह न सापडलेला माणूस, घर सोडून गेलेला मुलगा यांची घरे या अवस्थेत राहतात. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाच्या बाबतीत उलटे घडते: शरीर समोर असते, ओळख नसते.

भारतीय पुरावा कायदा, १८७२ च्या कलम १०८ नुसार सात वर्षे ज्याची खबर नाही अशी व्यक्ती हयात असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर येई. हीच तरतूद नव्या साक्ष अधिनियमातही कायम आहे. तोपर्यंत विमा, वारसा व निवृत्तिवेतन अडते. धर्मशास्त्रात बेपत्ता व्यक्तीची दीर्घकाळ, रूढीनुसार बारा वर्षे, वाट पाहून पळसाच्या पानांची प्रतिकृती करून तिचे दहन करण्याचा पालाशविधी सांगितला आहे. देहाविना शोकाला प्रारंभ करून देणारी ही जुनी तरतूद आहे. तरीही अनेक माता तो विधी करू देत नाहीत. विधी केला म्हणजे आपणच त्याला मारले, असे त्यांना वाटते.

मृत्यू निश्चित असताना आधीच सुरू होणाऱ्या दुःखाला ‘पूर्वशोक’ म्हणतात. तो केवळ मृत्यूपुरता नसतो. डोळ्यांचा कर्करोग झालेल्या नातवाची दृष्टी जाण्यापूर्वी त्याला जग दाखवू पाहणारा ‘श्वास’ (२००४) या चित्रपटातील आजोबा हे मराठीतील त्याचे परिचित चित्रण आहे.

सामूहिक आपत्ती

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील सुमारे आठ हजार माणसे मरण पावली. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर लोक झोपी गेले होते. अशा आपत्तीत शोकाचार कोलमडतात, कारण भेटायला येणारे शेजारी स्वतःच शोकग्रस्त असतात किंवा मृत असतात. सामूहिक दहनात कोणाचा मृतदेह कोणता हेही कळेनासे होते.

कोविड-१९ साथीच्या काळात, विशेषतः २०२०-२१ मध्ये, उलट परिस्थिती होती. गाव शाबूत होते, पण भेटायला येण्यास मनाई होती. अंत्यविधीस २० माणसांची मर्यादा होती आणि अनेक मृतदेह रुग्णालयातून परस्पर स्मशानात नेले गेले. शेवटचे दर्शन न झाल्याची खंत त्या काळातील कुटुंबांत दीर्घकाळ आढळते. काहींनी दहावा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पाहिला.

मुलांचा शोक

मृत्यू कायमचा असतो, तो सर्वांना येतो आणि त्यात शरीराची सर्व कार्ये थांबतात, ही समज साधारणपणे पाच ते सात वर्षांच्या वयात आकार घेते. त्याआधीचे मूल ‘बाबा देवाघरी गेले’ हे वाक्य शब्दशः घेते आणि ते परत कधी येणार, मला सोडून का गेले, असे विचारते. ‘झोपले आहेत’ असे सांगितलेल्या मुलांना झोपेचीच भीती वाटू शकते. लहान मुले थोडा वेळ रडून लगेच खेळायला जातात. त्यांना कळलेच नाही असा त्याचा अर्थ नसतो. आपल्या रागामुळे किंवा खोडीमुळे मृत्यू ओढवला असे मूल मनात धरू शकते, म्हणून तसे नाही हे त्याला स्पष्टपणे सांगावे लागते. दहाव्या दिवसापर्यंत मुलांना शेजारी वा आजोळी पाठवण्याची प्रथा आहे. सोय म्हणून ती समजण्याजोगी आहे, परंतु परतल्यावर एक माणूस आणि त्याच्या वस्तू नाहीशा झालेले घर मुलाला पाहावे लागते.

प्रदीर्घ शोक विकार

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत (आयसीडी-११, २०२२ पासून लागू) या विकाराचा समावेश आहे. मृताची सततची, सर्वव्यापी ओढ अथवा त्याच विचारात गढून जाणे, तीव्र भावनिक वेदना आणि कामकाजात लक्षणीय अडथळा ही अवस्था किमान सहा महिने टिकली व ती त्या व्यक्तीच्या संस्कृती-धर्मातील अपेक्षेपेक्षा स्पष्टपणे अधिक असली तर हे निदान होते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०२२ सालच्या सुधारित पुस्तिकेत प्रौढांसाठी ही मुदत बारा महिन्यांची आहे. वर्षश्राद्धापर्यंतचा काळ शोकाचा मानणाऱ्या समाजाच्या कालगणनेशी दुसरी मुदत अधिक जुळते. सामान्य कारणांनी झालेल्या मृत्यूंनंतर सुमारे दहापैकी एका प्रौढात असा शोक आढळतो. अपत्याचा मृत्यू, आकस्मिक वा हिंसक मृत्यू आणि मृतावरील अतिअवलंबित्व यांत हे प्रमाण वाढते.

या निदानावर टीकाही झाली आहे. नैसर्गिक दुःखाला रोगाचे लेबल लागेल, औषधांचा बाजार वाढेल, अशी टीकाकारांची भीती आहे. समर्थकांच्या मते निदानाअभावी या लोकांना नैराश्याचे रुग्ण मानून चुकीचे उपचार दिले जात.

आधार व उपचार

सर्वच शोकग्रस्तांना सरसकट समुपदेशन दिल्याने विशेष लाभ होत असल्याचे संशोधनात दिसत नाही. ज्यांचा शोक गुंतागुंतीचा झाला आहे त्यांना मात्र लाभ होतो. कॅथरीन शिअर यांनी विकसित केलेल्या उपचारपद्धतीत मृत्यूची हकिकत पुन्हापुन्हा सांगणे, टाळलेल्या जागा व वस्तूंना सामोरे जाणे, मृताशी कल्पित संवाद आणि स्वतःसाठी नवी उद्दिष्टे ठरवणे यांचा समावेश आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत केवळ नैराश्यरोधक औषधाने शोकाची लक्षणे विशेष कमी झाली नाहीत. या उपचारपद्धतीने ती कमी झाली, आणि सोबतचे नैराश्य असल्यास तिच्या जोडीने दिलेले औषध त्यावर उपयोगी ठरले.

बहुतेकांना लागणारा आधार याहून साधा असतो. मृताचे नाव घेऊन बोलणारी माणसे, पहिल्या तेरा दिवसांनंतरही चालू राहणाऱ्या भेटी आणि कागदपत्रांच्या कामात मदत यांचा उपयोग शोकग्रस्त स्वतः नमूद करतात. ‘देवाची इच्छा’, ‘निदान त्रास तरी सुटला’, ‘आता मुलांकडे बघून सावर’ ही सांत्वनाची नेहमीची वाक्ये बोलणाऱ्याची अडचण दूर करतात, ऐकणाऱ्याची क्वचितच. झोप व जेवण दीर्घकाळ बंद होणे, दारूचे प्रमाण वाढणे किंवा मृताकडे जाण्याची, मरण्याची इच्छा बोलून दाखवणे ही तातडीने मदत घेण्याची लक्षणे आहेत. भारत सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध असून ती मराठीतही बोलता येते.

मराठी साहित्यात

मराठीत शोककाव्याला ‘विलापिका’ म्हणतात. ज्ञानेश्वरांच्या समाधीप्रसंगावरील नामदेवांचे अभंग हे मराठीतील शोककाव्याचे सर्वांत जुने मोठे उदाहरण होय. जाणारा स्वेच्छेने निघालेला आहे आणि मागे राहणारे संत असूनही रडत आहेत, असा तो प्रसंग आहे. ज्ञान असूनही अश्रू आवरत नाहीत याची त्यात लाज नाही. तुकारामांच्या चरित्रपरंपरेत दुष्काळात पहिली पत्नी व मुलगा गेल्याचे सांगितले जाते. गोविंदाग्रजांच्या ‘राजहंस माझा निजला’ या कवितेतील माता आपले मूल मेले आहे हे मान्यच करीत नाही. अविश्वासाच्या अवस्थेचे इतके थेट चित्रण मराठी कवितेत दुर्मीळ आहे.

गद्यात रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) हे पतीच्या निधनानंतर नऊ वर्षांनी प्रसिद्ध झालेले पुस्तक आणि लक्ष्मीबाई टिळक यांची ‘स्मृतिचित्रे’ ही दोन्ही विधवांनी लिहिलेली आहेत. लक्ष्मीबाईंनी पतीविषयी लिहिताना त्यांचा विक्षिपतपणा, भांडणे आणि विनोद काहीही वगळले नाही. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ ही १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली, आईच्या मृत्यूवर संपणारी आठवणींची माळ आहे. इंदिरा संत यांचा पतीसह काढलेला पहिला काव्यसंग्रह ‘सहवास’ १९४० सालचा. १९४६ साली ना. मा. संत यांचे निधन झाले, आणि ‘शेला’ (१९५१), ‘मेंदी’ (१९५५), ‘मृगजळ’ (१९५७) या त्यानंतरच्या संग्रहांत तो वियोग अंगण, पाऊस व घरकाम यांच्या प्रतिमांतून येत राहतो.